तळघरातली वलणी

प्रति,
प्रशासन विभागप्रमुख,
हिंजवडी, बाणेर, तळवडे, खराडी, मगरपट्टा आणि आसपासची सर्व कार्यालयं,
पुणे.

विषय : 30 सप्टेंबरला काढून नेलेला रेनकोटचा दांडा परत बसवण्याबाबत.



विषय वाचून हसू आलं असेल तर येऊ द्या. पत्र खरोखरच एका लोखंडी दांड्याबद्दल आहे.

जूनमध्ये आमच्या इमारतीच्या तळघरात, दुचाक्या लावतात तिथे, दोन खांबांच्या मधे एक दांडा बसवतात. त्याला आकडे अडकवलेले असतात आणि खाली पत्र्याचा लांबट ट्रे. सकाळी आलं की रेनकोट आकड्याला लावायचा, बूट ट्रेमध्ये ठेवायचे, पिशवीतल्या चपला पायांत सरकवायच्या आणि माणसात येऊन लिफ्टकडे जायचं. आमच्याकडे साफसफाईला येणाऱ्या मावशी मुळशीकडच्या आहेत. त्या या दांड्याला वलणी म्हणतात. त्यांच्या माहेरी चुलीच्या वर वेळूची वलणी टांगलेली असायची. आषाढ-श्रावणात कपडे वाळायला दुसरी जागाच नाही, त्यामुळे शाळेच्या गणवेशालाही धुराचा वास. तेव्हापासून आम्हीही वलणीच म्हणतो.

30 सप्टेंबरच्या संध्याकाळी दोन माणसं पाने घेऊन आली आणि वलणी सोडवून घेऊन गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी सगळ्यांना मेल : पावसाळा संपल्यामुळे तात्पुरती व्यवस्था काढण्यात आली आहे, ओले कपडे, ओली पादत्राणं लॉबीत, लिफ्टमध्ये किंवा कामाच्या जागी आणू नयेत. त्यानंतर आठवडाही गेला नाही तोच एका दुपारी जेवणाच्या सुट्टीनंतर आभाळ असं फुटलं की काचेपलीकडची इमारत दिसेना. संध्याकाळी आम्ही भिजत घरी गेलो. दुसऱ्या दिवशी सकाळी न वाळलेले रेनकोट घडी करून पाठीवरच्या पिशवीत घालून आलो, आणि दिवसभर टेबलाखाली ती पिशवी आंबत राहिली.

तारखेची चूक आपल्या एकट्याची नाही. हवामान खातंही नैर्ऋत्य मोसमी पावसाचा हिशेब 1 जून ते 30 सप्टेंबर असाच मांडतं. त्यानंतर पडलेला पाऊस वेगळ्या खात्यात जातो, तो पावसाळ्यानंतरचा. पण ही झाली वहीतली रेघ. तेच खातं असंही सांगतं की हा पाऊस राजस्थानच्या वायव्य कोपऱ्यातून परत फिरण्याची सर्वसाधारण तारीख 17 सप्टेंबर, मुंबई सोडण्याची 8 ऑक्टोबर आणि सगळा देश सोडण्याची 15 ऑक्टोबर. 2020 मध्ये या तारखा नव्यानं ठरवल्या; त्याआधी राजस्थानातून निघण्याची तारीख 1 सप्टेंबर धरत. म्हणजे पाहुणा उशिरा निघतो हे सरकारदरबारीसुद्धा मान्य झालेलं आहे.

माझ्या आजीला यातलं काही ठाऊक नव्हतं, तिला नक्षत्रं पाठ होती. सूर्य हस्तात जातो तो 27 सप्टेंबरच्या सुमारास, मग चित्रा, आणि 24 ऑक्टोबरच्या आसपास स्वाती. हस्ताचा पाऊस म्हणजे हत्ती. भोंडल्याला पाटावर काढतात तो हाच हत्ती. आपण वलणी काढलीत ती हत्ती दारात येऊन उभा राहिल्यावर तिसऱ्या-चौथ्या दिवशी. आणि पुण्यात तरी या हत्तीची ओळख करून द्यायची गरज नसावी. 25 सप्टेंबर 2019 च्या रात्री आंबिल ओढ्यानं काय केलं ते या शहरानं पाहिलं आहे. 17 ऑक्टोबर 2022 च्या रात्रीही रस्त्यांचे ओढे झाले होते, आणि तेव्हा दिवाळी चार दिवसांवर होती.

जुलैचा पाऊस दुचाकीवाल्याला फारसा छळत नाही, हे चारचाकीतून येणाऱ्यांना पटत नाही. जुलैत ठरलेलं असतं. घरातूनच रेनकोट चढवून निघायचं, पायांत प्लॅस्टिकची चप्पल, डोक्यात काही किंतु नाही. दिवसभर तापमानही फारसं हलत नाही. छळतो तो ऑक्टोबर. सकाळी स्वेटर आठवतो, दुपारी चैत्र, संध्याकाळी आषाढ. आकाश निरभ्र झालं की रात्री जमीन लवकर निवते, म्हणून पहाट गार. तेच निरभ्र आकाश दिवसा ऊन थेट खाली सोडतं, आणि जमिनीत अजून चार महिन्यांची ओल असते. ती वाफ चढते आणि दुपारी तीन-चारला कोबीच्या गड्ड्यासारखे ढग उभे राहतात. ते फुटायची वेळ आणि आपल्या कार्यालयांची सुटायची वेळ एकच.

मी धायरीहून हिंजवडीला येतो. पंचविसेक किलोमीटर, बहुतेक बायपासनं. पावणेसातला निघालो की वारज्यापर्यंत बरं वाटतं. चांदणी चौकाचा चढ चढून माथ्यावर आलं की वारा छातीत बसतो. बावधनच्या उतारावर, पाषाणच्या बाजूला गारवा एकदम वाढतो. थर्मामीटर लागत नाही, बोटांची पेरं सांगतात. मुळेच्या पुलावर एखाद्या दिवशी धुकं. त्यामुळे जर्किन लागतंच. जर्किन म्हणजे मराठी माणूस ज्याला जर्किन म्हणतो ते, चेनचं, आत पातळ अस्तर असलेलं. माझे वडील त्याच्या आत, शर्टावर, छातीशी वर्तमानपत्राची घडी सरकवत. आजही त्याला तोड नाही. कागद वारा अडवतो, वजन नाही, आणि कार्यालयात पोचल्यावर काढून वाचता येतो. मोबाईलवर बातम्या वाचणाऱ्यांनी हा एक फायदा गमावला.

पण हेच जर्किन परत जाताना घालायचं कुठे? चारला बाहेर तेहतीस अंश. सिग्नलला थांबलं की पाठीवरून घामाचे ओघळ. म्हणून ते पिशवीत जातं. पिशवीत आधीच रेनकोट, डबा, लॅपटॉप, चपला. ऑक्टोबरात दुचाकीवाल्याची पिशवी ही मुंबईहून गावी निघालेल्या चाकरमान्याची असते.

आता थोडं शास्त्र, कारण आपल्यापैकी काहींना वाटतं की रेनकोट घातला की माणूस कोरडा राहतो आणि मग वलणीची गरज काय. पावसाचा मोठ्यात मोठा थेंब सेकंदाला नऊएक मीटर वेगानं खाली येतो. ताशी चाळीस किलोमीटरनं चाललेली मोटारसायकल सेकंदाला अकरा मीटर पुढे जाते. म्हणजे थेंब जितका खाली येतो त्याहून जास्त आपण त्याच्यावर चाल करून जातो. दुचाकीवाल्यावर पाऊस वरून पडत नाही, समोरून येतो, बादलीनं फेकल्यासारखा. म्हणून पाणी शिरतं ते खांद्यांतून नाही. ते छातीवरच्या चेनमधून, बाहीच्या तोंडातून, गळ्यातून आणि, क्षमा असावी, बैठकीतून शिरतं. रेनकोटच्या पँटच्या पुढच्या शिवणीशी एक तळं होतं. अर्ध्या तासानं शिवणीची पट्टी हार मानते. त्यानंतर माणूस मीटिंगला कसा जातो, खुर्चीवर कसा बसतो आणि उठताना वही कुठे धरतो, हे आपण कधी पाहिलं असेल तर लक्षात आलं नसेल. त्यालाच कौशल्य म्हणतात.

याच्यावर उपाय आहेत, पण ते कुणी शिकवत नाही. हातमोजे बाहीच्या बाहेरून घातले तर बाही पन्हाळीचं काम करते आणि मोजा पाण्यानं भरतो. पावसात मोजा आत, बाही वर. मफलरचं किंवा स्कार्फचं टोक रेनकोटच्या बाहेर राहिलं तर समईच्या वातीसारखं पाणी आत ओढतं. जीन्स तर चुकूनही नको. भिजली की किलोभर जड होते आणि दुसऱ्या दिवसापर्यंत वाळत नाही. आणि आपल्या सगळ्यांची ज्यावर श्रद्धा आहे ते सुती बनियन ऑक्टोबरात दगा देतं. उन्हात सुती कापडासारखं सुख नाही, कबूल. पण घामानं किंवा पावसानं ओलं झालेलं सूत पाणी सोडत नाही. त्यावर वारा लागला की ते पाणी अंगाच्या उष्णतेवर वाळतं. एक ग्रॅम पाणी वाळताना सुमारे 580 कॅलरी उष्णता घेऊन जातं, आणि भिजलेला शर्ट पाव लिटर पाणी सहज धरतो. माठातलं पाणी गार होतं ते असंच. भिजून बायपासवरून जाणारा माणूस म्हणजे चालता माठ. पंचवीस अंशांतही दात वाजतात ते म्हणून. त्यापेक्षा आत खेळाडू घालतात तसला पातळ, सळसळीत टीशर्ट बरा. दिसायला दरिद्री, पण दहा मिनिटांत कोरडा.

रायडिंग जॅकेट घेणाऱ्या तरुणांना एक सांगतो, आपला विषय सोडून जातो त्याबद्दल माफी असावी. जाळीचं जॅकेट घ्या, कोपर-खांद्यांत संरक्षक पॅड असलेलं. त्याच्याबरोबर आत लावायचं पाणीरोधक अस्तर मिळतं. दुकानदार त्याचं कौतुक करतो, त्याच्यावर विसंबू नका. अस्तर आत असलं की बाहेरचं जॅकेट मनसोक्त पाणी पितं, जड होतं, आणि वर सांगितलेला माठाचा खेळ तुमच्या अंगावरच चालू होतो. साधा मोठ्या मापाचा रेनकोट जॅकेटच्या वरून घाला. दिसाल पिंपासारखे. पोचाल कोरडे.

आता पुलाखालचं दृश्य. पहिले थोडे थेंब पडले की प्रत्येक दुचाकीवाल्याच्या मनात एकच वाद : थांबावं की पुढे निघावं. ‘पुढे नसेल पाऊस’ ही या शहराची सामुदायिक अंधश्रद्धा आहे. मग अचानक सर धरते आणि सगळे एकदम पुढच्या पुलाखाली शिरतात. तीस-चाळीस गाड्या, एका लेनीत. एका पायावर उड्या मारणारे आयटी अभियंते, बुटासकट पाय रेनकोटच्या पँटमध्ये घालू पाहणारे आणि बूट अर्ध्यात अडकला म्हणून शेजाऱ्याच्या खांद्याला धरणारे. मी एकदा एका अनोळखी गृहस्थांच्या खांद्याचा असा आधार घेतला. त्यांनी काही न बोलता दुसऱ्या हातानं माझ्या पँटची टाच ओढून दिली, आणि मग आम्ही त्यांच्या पायाशी तोच कार्यक्रम केला. नाव विचारलं नाही. या सगळ्या वेळात मागून ट्रक चाललेले असतात, काचा धुरकट, आणि आम्ही रस्त्याच्या कडेला नाही तर रस्त्यातच उभे. पुलाखाली थांबणं हे पावसाइतकंच घातक आहे हे आम्हाला कळतं. युक्ती एवढीच आहे की पाचला निघताना ढग पाहून तळघरातच रेनकोट चढवावा. पण त्यासाठी रेनकोट तळघरात, हाताशी, सुका, टांगलेला असावा लागतो. नवव्या मजल्यावर टेबलाखालच्या पिशवीत, सकाळच्या ओलीत आंबलेला रेनकोट कोरड्या हवेत कुणीही अंगावर चढवणार नाही. ‘बघू पुढे’ म्हणतो तो माणूस, आणि पुलाखाली सापडतो.

वडिलांची आठवण निघालीच आहे तर सांगतो. ते पिंपरीतल्या एका कारखान्यात होते आणि त्यांच्याकडे चेतक होती. 1972 मध्ये आलेली चेतक ही इटलीच्या व्हेस्पाची लेक. 1946 साली आलेल्या व्हेस्पाचा आराखडा केला कोरादिनो दास्कानियो यांनी, आणि त्यांना मोटारसायकलचा तिटकारा होता. कपडे मळतात ही त्यांची एक तक्रार. म्हणून त्यांनी इंजिन झाकलं आणि पायांसमोर पत्र्याची ढाल उभी केली. त्या ढालीमुळे माझे वडील गुडघ्यांखाली कोरडे राहत. मोटारसायकलवर आलेल्या आमच्या पिढीनं अधिक मायलेज मिळवलं आणि पाय मात्र ओले करून घेतले. स्कूटर आता पुन्हा आल्या आहेत, हे चांगलं झालं.

वडिलांच्या कारखान्यात प्रत्येकाला पत्र्याचं कपाट होतं आणि कपडे बदलायच्या खोलीत, भिंतीला लागून, तीन ओळींच्या दांड्या. लहानपणी एका रविवारी त्यांनी मला आत नेऊन दाखवल्या होत्या. दांडीवर नंबर रंगवलेले. त्यांचा एकशे चौदा. पावसाळ्यात तिथे भट्टीच्या बाजूची गरम हवा यायची आणि शिफ्ट सुटेपर्यंत रेनकोट पापडासारखा वाळलेला असायचा. हा कुठल्या मालकाचा दयाळूपणा म्हणून नव्हता. 1948 च्या कारखाने कायद्यात कलम 43 होतं : कामाच्या वेळेत न घातलेले कपडे ठेवायला आणि ओले कपडे वाळवायला योग्य जागा ठेवावी, यासाठी राज्य सरकारला नियम करता येतील. स्वातंत्र्य मिळून वर्ष होतंय, फाळणीच्या जखमा ओल्या आहेत, आणि कायदा लिहिणाऱ्यांना कामगाराचे ओले कपडे आठवले. मला हे कलम सापडलं तेव्हा मी ते दोनदा वाचलं.

आमची कार्यालयं कारखाने नाहीत, हे मला माहीत आहे. ती दुकानं व आस्थापनांच्या कायद्यात बसतात. भट्टी नाही, तेल नाही, शिफ्टचा भोंगा नाही. ग्रॅनाइटची लॉबी आहे, तिच्यात पाण्याचा एक कृत्रिम धबधबा आहे, आणि सुरक्षारक्षक आम्हाला सांगतो की लॉबी ओली करू नका. बिचाऱ्याचा दोष नाही. तोही पाचला पुलाखाली असतो.

आता मूळ तक्रार. आपल्याला वाटतं की हा रेनकोटचा प्रश्न आहे. तो तसा नाही. माणूस घरून काय घालून निघतो हे पोचल्यावर ते ठेवायला जागा आहे का, यावर ठरतं. आमच्या मजल्यावर एक मुलगी आहे, सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांची. मागच्या ऑक्टोबरात घरी जाताना तिची गाडी घसरली. बरेच दिवस कोरडा असलेला रस्ता, त्यावर साचलेलं तेल आणि धूळ, आणि त्यावर पहिली पाच मिनिटं पडलेला पाऊस. असा रस्ता भरपावसातल्या रस्त्यापेक्षा निसरडा असतो. वेग फार नव्हता. हेल्मेट होतं, डोकं वाचलं. उजव्या कोपराची आणि तळहाताची सालं निघाली, दोन आठवडे तिला कीबोर्ड धरता आला नाही. तिच्याकडे चांगलं रायडिंग जॅकेट होतं, कोपरात पॅड असलेलं. ते घरी कपाटात होतं. मी विचारलं, का गं? ती म्हणाली, “काका, दिवसभर कुठे ठेवू ते? खुर्चीवर टाकलं की ऍडमिनचा माणूस येऊन सांगतो, क्लायंट यायचेत, उचला.”

मी तेव्हापासून निरखून पाहतो. चांगलं जॅकेट असलेली आमच्याकडे दहा-बारा माणसं आहेत. ऑक्टोबरात ती घालत नाहीत. बूट ठेवायला जागा नाही म्हणून गुडघ्यापर्यंतचे बूट घेतलेला एक जण चपलेत येतो. हातमोजे ओले झाले की पिशवीत कुजतात म्हणून एकानं टाकूनच दिले. आपण सुरक्षा सप्ताहात आमच्याकडून शपथ घेता, फलक लावता, हेल्मेट नसेल तर गेटवरून आत सोडत नाही. हेल्मेटबद्दल आभार, पुण्यात हेल्मेटसक्तीविरुद्ध मोर्चे निघाले आहेत, तरी आपण नेटानं लावून धरलंत. पण हेल्मेट हा कपड्यांचा एक भाग झाला. बाकीचे कपडे खुंटीवाचून घरी राहतात.

बायकांची अडचण आणखी वेगळी. सनकोट, स्कार्फ, कोपरापर्यंतचे मोजे हा पुण्यातल्या दुचाकीवरच्या बाईचा पोशाख आहे, त्यावर बाहेरचे लोक विनोद करतात. ऑक्टोबरच्या दुपारच्या उन्हात तो विनोद राहत नाही. पण त्याच सनकोटचा पातळ सुती घोळ संध्याकाळी सर आली की भिजतो, फडफडतो, चाकाकडे जातो. ओढणीचं तेच, आणि रस्त्यावर विकत मिळणाऱ्या झुलीसारख्या प्लॅस्टिक पोंचोचं तर जास्तच. मागच्या चाकाचा निदान अर्धा भाग झाकणारी जाळी 1989 च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत सांगितलेली आहे, आपण तिला साडीगार्ड म्हणतो. नव्या मोटारसायकलीवरून बरेच जण ती शोभेसाठी काढून टाकतात. काढू नका.

आणि प्रकाश. जुलैच्या सुरुवातीला पुण्यात सव्वासातला सूर्य मावळतो. ऑक्टोबरच्या मध्याला सहा-सव्वासहालाच. जूनमध्ये उजेडात घरी जाणारा माणूस ऑक्टोबरात त्याच वेळी अंधारात असतो, आणि अंगावर काळा रेनकोट. आपल्याकडे रेनकोट काळा, निळा नाही तर लष्करी हिरवा, एवढेच का मिळतात हे एकदा कुणीतरी रविवार पेठेतल्या व्यापाऱ्यांना विचारायला हवं. मी पाठीवर रेडियमची पट्टी चिकटवली आहे, मुलगी म्हणते बाबा पाठीमागून टेम्पो दिसता. दिसतो, एवढंच पुरे. काळी काच असलेली हेल्मेटंही या महिन्यात घरी ठेवावीत. सकाळी उन्हात बरी वाटतात, परतताना पावसात तिच्यातून काही दिसत नाही. चष्मेवाल्यांसाठी म्हणून सांगतो, भांडी घासायच्या साबणाचा एक थेंब काचेच्या आतून चोळून कोरड्या फडक्यानं पुसला तर धुकं धरत नाही. दोन दिवस टिकतो.

आपल्याकडून मला जे हवं आहे ते फार नाही. वलणी 30 सप्टेंबरला नव्हे, दिवाळीनंतर काढा. खरं तर काढूच नका. उन्हाळ्यात तिच्यावर जॅकेटं लागतील, हिवाळ्यात जर्किनं. ट्रे तसाच राहू द्या. तळघरातल्या पंख्यांपैकी एकाचं तोंड तिकडे वळवा, भट्टी नसली तरी चालेल. आणि ‘पार्सल देणाऱ्यांनी इथेच थांबावे’ अशी पाटी आपण गेटबाहेर उघड्यावर लावली आहे, ती दोन पावलं आत छपराखाली सरकवा. त्या मुलांना ना लॉबी ना तळघर. पुलाखालून निघून थेट आपल्या दारात उभी राहतात, आणि त्यांचा दिवस तिथे संपत नाही.

खर्च आडवा येत असेल तर दांडा मी आणतो. आमच्या इमारतीत सुट्टे स्क्रू आणि आकडे अजून तळघरातल्या मीटर खोलीच्या मागे, सिमेंटच्या रिकाम्या गोणीवर पडलेले आहेत. मावशींनी ते गोळा करून ठेवले आहेत.

आपला,
बी-2 तळघरात तिसऱ्या खांबापाशी गाडी लावणारा एक कर्मचारी

ता. क. : पत्र लिहून झालं तेव्हा साडेचार वाजले होते. मारुंजीच्या बाजूला ढग उभा आहे. सुटायला अर्धा तास आहे.